सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण : डॉक्टरांचा होकार आणि त्यामागची व्यवस्था

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातील पाहणीनुसार, गोव्यातील ३९.५ टक्के बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली होती. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ३१.४ टक्के होते. त्याच पाचव्या फेरीत संपूर्ण भारताचे प्रमाण २१.५ टक्के आणि महाराष्ट्राचे सुमारे २५ टक्के नोंदले गेले. गोव्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण इस्पितळातच होते, ही या राज्याच्या आरोग्यसेवेची मोठी मिळकत आहे. परंतु त्याच मिळकतीच्या पोटी एक नवा प्रश्न उभा राहिला असून तो डिचोली, पेडणे यांसारख्या तालुक्यांतील घराघरांत पोहोचला आहे. पहिले बाळंतपण सिझरने झालेल्या स्त्रीला दुसऱ्या वेळी दिवस गेले की दुसरेही सिझरच करावे लागेल का, की नैसर्गिक प्रसूतीचा मार्ग तिला मोकळा आहे, आणि मोकळा असेल तर त्या मार्गावर तिला साथ देणारे डॉक्टर शोधायचे कसे, असा तो प्रश्न आहे.

या शोधात बहुतेक कुटुंबे स्वभावाने प्रेमळ, बोलण्यात धीर देणाऱ्या डॉक्टरांच्या मागे लागतात. तो धीर मोलाचा असला तरी पुरेसा नाही. सिझेरियननंतरची नैसर्गिक प्रसूती सुखरूप पार पडणे हे एका व्यक्तीच्या होकारापेक्षा त्या होकारामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. रात्री-अपरात्री भूल देणारे डॉक्टर हजर असणे, शस्त्रक्रियागृह तयार असणे, रक्त उपलब्ध असणे आणि बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर असणे हे सारे त्या व्यवस्थेत येते. म्हणून साथ देणारे डॉक्टर ओळखायचे म्हणजे ही व्यवस्था वेळेत आणि नीट पारखायची.

जुना दंडक आणि त्याचे कारण

एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन, हा दंडक न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडला आणि पुढे अनेक दशके तो जगभर प्रमाण मानला गेला. त्या काळात गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेऊन बाळ बाहेर काढीत. बाळंतपणाच्या कळांत हाच भाग जोराने आकुंचन पावत असल्याने तेथील व्रण उसवण्याची धास्ती खरी होती आणि त्या दंडकाला त्या काळापुरता आधारही होता. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांच्या प्रयत्नांमुळे १९२० च्या दशकापासून गर्भाशयाच्या खालच्या, पातळ आणि कळांच्या वेळी तुलनेने निष्क्रिय राहणाऱ्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रुळली. आज बहुतांश सिझेरियन शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात आणि हा व्रण पुढच्या बाळंतपणाच्या कळा पुष्कळ अधिक भरवशाने सोसतो. दंडकामागचे कारण असे बदलले, तरी तो घराघरांत आणि काही इस्पितळांतही तसाच राहून गेला आहे.

सिझेरियननंतर योनीमार्गाने झालेल्या प्रसूतीला वैद्यकीय व्यवहारात ‘व्हीबॅक’ म्हणतात, तर तशा प्रसूतीसाठी कळा येऊ देऊन पाहण्याच्या प्रयत्नाला ‘ट्रायल’ हा शब्द रूढ आहे. ‘ट्रायल देऊन बघू या’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ हाच असतो. हे दोन शब्द वेगळे ठेवणे अगत्याचे आहे, कारण प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकीची प्रसूती नैसर्गिकच होईल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही आणि जे डॉक्टर तशी हमी देतात त्यांच्याविषयी सावधच राहावे.

फायदा आणि धोका, दोन्ही आकड्यांत

ब्रिटन आणि अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एकच सिझेरियन झालेल्या आणि योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी साधारण ६० ते ८० टक्के स्त्रियांचा प्रयत्न यशस्वी होतो. जिची पूर्वी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झालेली आहे तिच्या बाबतीत हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. पहिले सिझेरियन बाळ पायाळू होते म्हणून झाले असेल, म्हणजे पुन्हा उद्भवेलच असे नसलेल्या कारणाने झाले असेल, तर यशाची शक्यता अधिक असते. कळा आपोआप सुरू झाल्या, बाळाचे वजन फार नसले आणि आईचे वजन आटोक्यात असले तर तीही अनुकूल बाब ठरते. याउलट, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकले नाही म्हणून पहिले सिझेरियन झालेले असेल, तर शक्यता काहीशी कमी होते. ती नाहीशी मात्र होत नाही.

यातला मुख्य धोका म्हणजे जुना व्रण उसवून गर्भाशय फाटणे. खालच्या भागावरचा आडवा छेद असलेल्या स्त्रियांत तो सुमारे दोनशे प्रयत्नांमागे एकदा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, घडतो. औषधे देऊन कळा आणल्या तर हा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, आणि मिसोप्रोस्टॉल नावाची कळा आणणारी गोळी तर पूर्ण दिवसांच्या आणि आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीला देऊ नये, असे संकेत आहेत. जुना उभा छेद, पूर्वी एकदा गर्भाशय फाटलेले असणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे किंवा गर्भाशयावर काही विशिष्ट शस्त्रक्रिया झालेली असणे, या परिस्थितीत प्रयत्न करूच नये.

दुसऱ्या बाजूला, वारंवार सिझेरियन करण्याचेही धोके आहेत, फक्त ते उशिरा दिसतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेपुढे आलेल्या माहितीनुसार, प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांत मातामृत्यूचे प्रमाण दर लाखामागे सुमारे ४ आणि ठरवून पुन्हा सिझेरियन करणाऱ्यांत सुमारे १३ होते. बाळांच्या बाबतीत मात्र चित्र उलट होते आणि जन्माच्या आगेमागे होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण प्रयत्नाच्या गटात दर हजारी सुमारे १.३, तर ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये ०.५ होते. प्रत्येक वाढत्या सिझेरियनबरोबर वार गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतण्याचा धोका वाढतो. वार तोंडावर असलेल्या स्त्रियांत हा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्या वेळी ४० टक्के आढळला असून अशा वेळी रक्तस्राव आवरण्यासाठी पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. म्हणून तीन-चार मुलांचा विचार असलेल्या स्त्रीसाठी हा हिशेब एका प्रकारे मांडावा लागतो आणि दुसऱ्या मुलावर थांबणाऱ्या स्त्रीसाठी दुसऱ्या प्रकारे. प्रयत्न अर्ध्यावर सोडून तातडीचे सिझेरियन करावे लागले, तर ते ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा अधिक त्रासदायक ठरते, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. ही दोन्ही पारडी समोर ठेवून जे डॉक्टर बोलतात ते खरी साथ देतात; एकच पारडे दाखवणारे, ते कोणतेही असो, स्त्रीची निवड तिच्या हातून काढून घेतात.

डॉक्टर का कचरतात

डॉक्टरांच्या संकोचामागे केवळ पैशाचा विचार असतो असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ठरवून केलेल्या सिझेरियनला तासाभराचा वेळ लागतो आणि तो आधी ठरवता येतो, तर ट्रायल कधी सुरू होईल आणि किती तास चालेल हे सांगता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे छोटे प्रसूतिगृह एकहाती चालवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला बाह्यरुग्ण विभाग, इतर शस्त्रक्रिया आणि रात्रीची झोप सांभाळून दहा-बारा तास एकाच स्त्रीजवळ थांबणे अवघड असते. भूल देणारे डॉक्टर तेथे बाहेरून बोलवावे लागतात आणि जवळची रक्तपेढी कदाचित दुसऱ्या गावी असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून, काही विपरीत घडले तर ‘वेळेवर सिझर का केले नाही’ असा जाब विचारला जाण्याची भीती डॉक्टरांच्या मनात घर करून आहे. ‘सिझर का केले’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. अमेरिकेतही हेच घडले. तेथे १९९६ साली पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्क्यांची प्रसूती नैसर्गिक होत असे, पण तातडीची मदत क्षणार्धात मिळण्याची अट कडक झाल्यावर आणि गर्भाशय फाटण्याविषयीचे अभ्यास गाजल्यावर काही वर्षांतच ते प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले. छोट्या इस्पितळांनी ही सेवाच बंद केली.

घरच्या मंडळींचाही यात वाटा असतो. ‘एकदा पोट फाडलेच आहे तर पुन्हा कळांचा त्रास कशाला’ ही समजूत, मुहूर्त पाहून बाळाचा जन्म ठरवण्याची हौस आणि आतला टाका उसवेल ही सासू-आईची धास्ती, या तिन्हींच्या दबावाखाली स्त्रीची स्वतःची इच्छा तपासणीच्या खोलीत कोणी विचारतच नाही. जे डॉक्टर नवऱ्याकडे वा सासूकडे न पाहता प्रथम तिलाच विचारतात, त्यांनी साथीची पहिली पायरी गाठलेली असते.

पहिल्या सिझरचे कागद

डॉक्टरांचा शोध घेण्याआधी एक काम करावे लागते आणि ते म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद मिळवणे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे डिचोली तालुक्यात नांदणाऱ्या अनेक स्त्रियांची ती फाइल सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगाव अशा दुसऱ्याच गावच्या इस्पितळात पडून असते आणि हाती असते ते केवळ डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डावर बहुधा ‘एलएससीएस’ अशी चार अक्षरे असतात. गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेले सिझेरियन, असा त्यांचा अर्थ. त्यापुढे कारण लिहिलेले असते : ‘ब्रीच’ म्हणजे बाळ पायाळू, ‘फीटल डिस्ट्रेस’ म्हणजे बाळाचे ठोके बिघडणे, ‘एनपीओएल’ म्हणजे कळा पुढे न सरकणे, किंवा ‘सीपीडी’ म्हणजे बाळाचे डोके आणि आईचे कटिर यांचे माप न जुळणे. यांतील शेवटचे निदान प्रसूतीच्या वेळी डोक्याची ठेवण थोडी तिरकी असली तरी लिहिले जाते, म्हणून ते कार्डावर असल्यामुळे दुसऱ्या वेळी वाट बंदच झाली असे धरून चालू नये.

मात्र या कार्डापेक्षा ‘ऑपरेशन नोट’, म्हणजे शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, अधिक मोलाची असते, कारण गर्भाशयावरचा छेद कसा होता, तो वाढवून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा करावा लागला होता का, गर्भाशय किती थरांत शिवले, हे तिच्यातच लिहिलेले असते. पोटाच्या कातडीवरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल असे नसते. म्हणूनच जुन्या खुणेकडे पाहून ‘काही हरकत नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ‘आधीची नोंद आणा’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांवर अधिक विश्वास ठेवावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास तिच्या उपचारांच्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. मात्र त्या जपून ठेवण्याचे बंधन केवळ ३ वर्षांचे आहे. दोन मुलांत चार वर्षांचे अंतर ठेवू पाहणाऱ्या स्त्रीने म्हणूनच पहिल्या बाळंतपणानंतर घरी परततानाच ती नोंद मागून घ्यावी. दोन प्रसूतींमधले अंतर दीड वर्षापेक्षा कमी असेल तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो, हेही कुटुंबाने आधीच ध्यानात ठेवायला हवे.

काय विचारावे आणि उत्तर कसे तोलावे

डॉक्टरांशी पहिली भेट पहिल्या तीन महिन्यांतच घेणे बरे आणि त्या भेटीत ‘तुम्ही नॉर्मल करता का’ एवढेच विचारून थांबू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘बघू’ असेच मिळते. गेल्या वर्षभरात सिझेरियन झालेल्या किती स्त्रियांना ट्रायल दिली आणि त्यांतील साधारण किती जणींची प्रसूती नैसर्गिक झाली, असे विचारले की उत्तरातली ठामपणाची वा अनिश्चिततेची छटा लगेच कळते. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर कोण येईल, भूल देणारे डॉक्टर इस्पितळात असतात की घरून येतात, निर्णय झाल्यापासून शस्त्रक्रिया सुरू व्हायला किती वेळ लागतो, नवजात बाळासाठी बालरोगतज्ज्ञ कोण आणि ठरलेले डॉक्टर सुट्टीवर असतील तर त्यांच्या जागी येणारेही याच विचाराचे असतील का, हे प्रश्न व्यवस्थेची पारख करतात आणि साथ देणाऱ्या डॉक्टरांना ते कधीही खटकत नाहीत.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर बोलण्याचा सूर बदलू लागला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. सोनोग्राफीत व्रणाची जाडी कमी आहे म्हणून सिझर, असे सांगणे आपल्याकडे सर्रास घडते. पण किती मिलिमीटरच्या खाली प्रयत्न करू नये याची सर्वमान्य मर्यादा अद्याप ठरलेली नाही, म्हणून केवळ त्या एका आकड्यावर निर्णय होत असेल तर दुसरे मत घ्यावे. बाळाच्या गळ्याभोवती नाळ असणे हेही एरवी सुरळीत असलेल्या गरोदरपणात स्वतःहून सिझेरियनचे कारण ठरत नाही. दिलेली तारीख उलटली की लगेच सिझेरियन करायचे, असे जे सांगतात त्यांना ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत वाट न पाहण्याचे नेमके कारण शांतपणे विचारावे. त्याच वेळी उच्च रक्तदाब, बाळाची वाढ खुंटणे, पाणी खूप कमी होणे, वार तोंडावर असणे ही कारणे खरी आणि गंभीर आहेत. ती सांगितली गेल्यावरही ट्रायलचा हट्ट धरणे हे आईबाळाच्या हिताविरुद्ध जाते. ३६ व्या आठवड्याच्या आसपास पूर्ण योजना लेखी ठरलेली असावी आणि तिच्यात कळा आपोआप आल्या तर काय, न आल्या तर काय, आणि कोणत्या खुणा दिसल्यावर प्रयत्न थांबवायचा, या तिन्ही गोष्टी असाव्यात.

शिरगावाहून इस्पितळापर्यंत

श्री देवी लईराईच्या मंदिरामुळे आणि लोहखनिजाच्या खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या डिचोली तालुक्यातील शिरगावातून गरोदर स्त्रीला जवळ पडते ते डिचोलीचे सामाजिक आरोग्य केंद्र, आणि नियमित तपासणी, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, हिमोग्लोबिन ही कामे तेथे वा जवळच्या आरोग्य केंद्रात होतात. प्रसूतीसाठी मात्र तिच्यापुढे दोन मोठ्या सरकारी वाटा उरतात : अस्नोडा-थिवीमार्गे म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, ज्याला लोक आजही आझिलो म्हणतात, आणि मांडवी ओलांडून पणजीपलीकडे बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ. १८४२ साली पोर्तुगीज काळात स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारी ही संस्था आशियातील जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. अध्यापनाचे इस्पितळ असल्याने निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात शिशूंचा विभाग तेथे एकाच आवारात चोवीस तास असतात. सरकारी इस्पितळात गर्दी असते, एकच डॉक्टर प्रत्येक तपासणीला भेटत नाहीत आणि खाजगीतल्यासारखा निवांतपणा मिळत नाही, हे खरे. पण ट्रायलच्या बाबतीत ज्याची गरज असते ती रात्रीची तयारी मोठ्या सार्वजनिक इस्पितळातच अधिक भरवशाने मिळते. म्हणून खाजगी इस्पितळात ‘हो’ म्हणणारे डॉक्टर मिळाले तरी त्या ‘हो’ची तुलना या तयारीशी करूनच निर्णय घ्यावा.

सीमेपलीकडच्या दोडामार्ग, सावंतवाडी भागातील कुटुंबेही पूर्वापार बांबोळीकडे येत आली आहेत. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क आकारले जाऊ लागल्याने त्यांनी आरोग्य योजनेचे कागद आणि खर्चाची चौकशी आधीच करून ठेवणे आवश्यक झाले आहे. अंतराचा विचार तर सर्वांनाच करावा लागतो. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आणि इतर भाविक शिरगावात लोटतात तेव्हा गावातून वाहन बाहेर काढणे कठीण होते. त्या दिवसांच्या आसपास दिवस भरत असलेल्या आणि ट्रायल ठरलेल्या स्त्रीने म्हापसा वा पणजीजवळच्या नातेवाइकांकडे आधीच मुक्काम हलवावा. एरवीही १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका केव्हा बोलवायची आणि पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा कळा नियमित येऊ लागल्या तर घरी न थांबता थेट कोठे जायचे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

कळांच्या वेळी

इस्पितळात दाखल झाल्यावर चांगली साथ म्हणजे घाई नसणे आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत, गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे ही जुनी कसोटी सर्वांना लावू नये आणि सक्रिय कळांची सुरुवात ५ सेंटिमीटरपासून धरावी, असे सांगितले आहे. त्यामुळे ३ सेंटिमीटरवर तास-दोन तास थांबलेल्या कळा म्हणजे अपयश नव्हे. दुसरीकडे, व्रण उसवू लागल्याची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे बाळाच्या ठोक्यांतील बिघाड होय. म्हणून ट्रायलच्या काळात सीटीजी यंत्राने ठोके सतत नोंदवले जावेत, असे संकेत आहेत. दोन कळांच्या मधल्या वेळेतही न थांबणारी वेदना, अचानक थांबलेल्या कळा, रक्तस्राव, लघवीत रक्त, खाली आलेले डोके पुन्हा वर सरकणे या खुणांवर परिचारिकेचे लक्ष असले पाहिजे. कमरेत सुई देऊन वेदना कमी करण्याला, म्हणजे एपिड्युरलला, या परिस्थितीत मनाई नाही. कळांचे सलाईन लावायचे झाल्यास ते अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि स्त्रीला धोका समजावून सांगूनच लावावे.

केंद्र सरकारने २०१६ साली सार्वजनिक इस्पितळांत बाळंतिणीबरोबर एक विश्वासातली स्त्री ठेवण्यास मान्यता दिली आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारणा कार्यक्रमाने सन्मानपूर्वक वागणुकीला दर्जाची कसोटी मानले. आई, बहीण किंवा जाऊ यांपैकी जी सोबत असेल तिला योजना ठाऊक असावी, कारण कळांच्या भरात बाळंतीण स्वतः प्रश्न विचारू शकत नाही.

हक्क, संमती आणि उघड आकडे

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये संमतीचा अर्थ स्पष्ट केला : उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजावून सांगितल्यावरच तिची संमती खरी ठरते, आणि एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही; जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर तो अपवाद. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नोंदी मिळण्याचा आणि दुसरे मत घेण्याचा हक्क आहे. या हक्कांचा उपयोग भांडणासाठी करायचा नसून संभाषणासाठी करायचा आहे, कारण ज्या डॉक्टरांवर अखेरचा निर्णय सोपवायचा त्यांच्याशी विश्वासाचे नाते राहिले नाही तर ट्रायलच सुरक्षित राहत नाही. ठरवलेली वाट अर्ध्यावर बदलून सिझेरियन झाले तरी ती त्या स्त्रीची वा डॉक्टरांची हार नसते. धोक्याच्या खुणा ओळखून वेळेवर शस्त्रक्रिया करणे हा त्या योजनेचाच भाग असतो.

तरीही सर्व भार एकट्या गरोदर स्त्रीवर आणि तिच्या शोधावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. इस्पितळांनी सिझेरियनचे आकडे जाहीर करावेत, ही मागणी मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ साली याचिकेद्वारे केली आणि तत्कालीन केंद्रीय महिला व बालकल्याण मंत्री मनेका गांधी यांनी तिला पाठिंबा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून पुरस्कारलेल्या रॉब्सन वर्गीकरणात पूर्वी सिझेरियन झालेल्या, एकच आणि डोक्याकडून येणारे, पूर्ण दिवसांचे बाळ असलेल्या स्त्रियांचा पाचवा गट वेगळा मोजला जातो. या एका गटाचा आकडा प्रत्येक प्रसूतिगृहाने दरवर्षी जाहीर केला, तर कोणते इस्पितळ खरोखर संधी देते हे शिरगावातील स्त्रीला कोणाच्या ऐकीव शिफारशीशिवाय कळेल. केंद्र सरकारने २०१८ साली व्यावसायिक सुइणींच्या सेवेचे धोरण आणले आणि हैदराबादच्या फर्नांडिस इस्पितळाने तशा प्रशिक्षणाचा पाया त्याच्या कितीतरी आधी घातला. कळांच्या तासांत स्त्रीजवळ सतत बसणारी प्रशिक्षित सुईण असेल, तर डॉक्टरांवरील वेळेचा ताण आणि त्यातून येणारा नकार दोन्ही कमी होतात. जवळजवळ सर्व बाळंतपणे इस्पितळात नोंदणाऱ्या आणि आकाराने लहान असलेल्या गोव्याला हे आकडे गोळा करणे व तालुका केंद्रांतून ट्रायलयोग्य स्त्रियांना वेळेवर मोठ्या इस्पितळाकडे पाठवण्याची ठरलेली वाट आखणे अवघड नाही. ते झाले, तर साथ देणारे डॉक्टर शोधण्यासाठी एकेका स्त्रीला दारोदार फिरावे लागणार नाही. योग्य असेल तेथे संधी आणि गरज असेल तेथे शस्त्रक्रिया, ही तिला मिळणारी सेवाच होऊन जाईल.